वाचकांचे प्रश्न : फुटबॉलची शील्ड आणि जगलेली झाडे

प्रश्न : दिवाळीनंतर आमच्या गावी सात-सात जणांचे फुटबॉल सामने होतात. यंदा उद्घाटनाला झाडे लावून हवामानबदलाचा विषय घ्यायचा आहे. नियोजन कसे करावे?
– एक शिक्षक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : उद्घाटनाला झाडे लावूच नका. पाऊस गेला की काळी माती फाटते आणि भेगेसोबत कोवळी मुळेही तुटतात. लागवड जुलैत उरका, सामने दिवाळीनंतरच ठेवा. प्रत्येक संघाला कडुलिंब-करंजाची दहा रोपे द्या. साखळी सामने संपतील त्या दिवशी आठ जिवंत असतील तर दोन गुण जादा. रोपे खरी मरतात ती एप्रिल-मे महिन्यांत, म्हणून बक्षिसाची अर्धी रक्कम पुढच्या जूनमध्ये मोजणी करूनच द्या.

संघ मोहल्ल्यावार नकोत, चिठ्ठ्या टाका. नाहीतर वरच्या पुऱ्याची झाडे खालच्या पुऱ्याच्या शेळ्या खातात!

खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. मे महिन्यातच खणून तापू द्या. भरताना दोन टोपली कुजलेले शेणखत आणि तिसरा हिस्सा मुरूम मिसळा. नुसत्या काळ्या मातीत ऑगस्टमध्ये पाणी साचून मुळे सडतात. जागा मैदानाच्या पश्चिमेला, रेषेपासून पंधरा-वीस फुटांवर. म्हणजे पुढे संध्याकाळची सावली प्रेक्षकांवर पडेल. पावसाळा सरला की बुंध्यापासून फूटभर अंतरावर आठ-दहा लिटरचे मडके गळ्यापर्यंत पुरा आणि तीन-चार दिवसांनी भरत जा. रंगवलेले मडके झिरपत नाही, साधेच घ्या. वर सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) चार बोटे पसरा, पण बुंध्याला टेकू देऊ नका, उधई (वाळवी) लागते. पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) मात्र आणून टाकू नका. त्यांवरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते.

पाण्याचे पाऊच बंद करा. माणशी दोन लिटर धरले तर दोन्ही संघांच्या, राखीव धरून, वीस खेळाडूंना चाळीस लिटर लागते. एक रांजण आणि घरून आणलेले पेले पुरतात.

प्रश्न : मे महिन्यात सामने घ्यावेत का?

उत्तर : सकाळी आठच्या आत संपत असतील तरच. ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र मोजणारा निर्देशांक 32 अंशांवर गेला की फिफाच्या नियमांत पाणी पिण्यासाठी खेळ थांबवतात. 2014 च्या विश्वचषकात फोर्तालेझा येथे नेदरलँड्स-मेक्सिको सामना असाच थांबवला होता. कतारचा 2022 चा विश्वचषक तर उन्हामुळेच नोव्हेंबर-डिसेंबरात गेला. 32 चा हा आकडा भिंतीवरच्या तापमापकाचा नव्हे. आपल्याकडे पारा 45 वर असताना दुपारी खेळूच नये. मैदानाच्या भेगाही आधी मुरमाने बुजवा. काळी माती भरली तर पावसात फुगते, उन्हात पुन्हा फाटते आणि पाय मुरगळतो.