जुन्या गाडीचं वायरिंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. हेडलाइट लावला की पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा, दोन्ही काटे सरकतात. इंडिकेटर दिला तर त्याच्या तालावर हलतात. मीटर बदलायला सांगितलंय. बदलू का? (चिपळूण)

उत्तर : अजून नको. टाकीतला फ्लोट आणि इंजिनावरचा सेन्सर एकाच दिवशी बिघडायचं काही कारण नाही. दोन्ही काट्यांना सामाईक असतात त्या सप्लाय आणि अर्थ (बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी करंटची परतीची वाट) या दोनच गोष्टी. लाइटबरोबर काटे हलतात म्हणजे बहुतेक अर्थ सैल आहे आणि लाइटचा करंट मीटरमधून वाट काढतोय.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन मीटरमागच्या अर्थच्या वायरवर. इंजिन चालू, हेडलाइट चालू. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष सापडलाच. ती वायर डॅशबोर्डखाली बॉडीला जिथे बोल्टने कसलेली असते, तिथे गंज असतो. कोकणातल्या पावसात पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपून नेमकं तिथेच उतरतं. तेव्हा रबरही तपासा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात हेच काम पुन्हा करावं लागेल. बोल्ट काढा, पत्रा चकाकेपर्यंत घासा, वायरच्या टोकाला नवीन थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावून कसा, वरून पेट्रोलियम जेली फासा. तरी व्होल्ट उतरले नाहीत तर बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या दोन जाड पट्ट्या बघा.

दोन्ही काटे एकदम वर जाऊन तिथेच राहत असतील तर गोष्ट वेगळी. बऱ्याच जुन्या गाड्यांत या काट्यांना कमी व्होल्ट देणारा छोटा स्टॅबिलायझर मीटरमागे असतो. तो आणि त्याचा अर्थ तपासा.

प्रश्न : हेडलाइटच्या फ्यूजची जागा वितळली, पण फ्यूज शाबूत! बल्ब १००/९० वॉटचे (हाय/लो) आहेत. (नाशिक)

उत्तर : फ्यूज फक्त करंट ओळखतो, सैल क्लिपची उष्णता त्याला ओळखता येत नाही. १० अँपिअर करंट आणि क्लिपमध्ये ०.१ ओहम अडथळा असेल तर नखाएवढ्या जागेत १० वॉट उष्णता साठते. प्लास्टिक मऊ होतं, क्लिप आणखी सैल पडते, उष्णता आणखी वाढते.

त्यात १०० वॉटचे दोन बल्ब म्हणजे साधारण १७ अँपिअर. मूळ ६०/५५च्या बल्बना १० पुरतात आणि स्विच, वायर, फ्यूजबॉक्स सगळं त्याच हिशोबाने बनवलेलं असतं. असे बल्ब लावल्यावर कुणीतरी लाल १०चा फ्यूज काढून पिवळा २०चा घालतो आणि मग फ्यूजऐवजी वायर जळते. हे कृपा करून करू नका. गाडीला आग लागू शकते.

मूळ वॉटचे बल्ब लावा. जळकी क्लिप वायरसकट कापून नवी क्रिंप करा (पक्कडीने दाबून बसवा), नुसती घासून भागणार नाही. लो आणि हायला एकेक चार पिनांचा ३० अँपिअरचा रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवा. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीहून थेट २.५ चौरस मिमी वायर आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच १५चा फ्यूज, ८७वरून बल्ब, ८६ला जुनी स्विचची वायर, ८५ला अर्थ. स्विचवरचा भार जवळजवळ संपतो आणि उजेडही वाढतो.

प्रश्न : टेललाइटचा फ्यूज घातला की लगेच उडतो. शॉर्ट शोधायचा कसा? (सांगली)

उत्तर : फ्यूज जाळत बसू नका. त्या सर्किटचे टेल, पार्किंग आणि नंबर प्लेटचे बल्ब काढा. फ्यूजच्या दोन क्लिपांना २१ वॉटचा बल्ब वायरने जोडा आणि पार्किंग लाइट चालू करा. शॉर्ट असेपर्यंत बल्ब पूर्ण तेजाने पेटेल. (मीटरमागच्या दिव्यांमुळे तो थोडा मंद तेवला तर काळजी नको.) आता वायरिंग एकेका ठिकाणी हलवत जा. बल्ब मंदावला की जागा सापडली. सुरुवात डिकीच्या बिजागरीपासून करा, उघडझाक होऊन वायर तिथेच सोलली जाते. नंतर बघा टो हुक किंवा म्युझिक सिस्टिमसाठी मारलेले जोड.

प्रश्न : चावी फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतच नाही. चार्जिंगही नाही. (पणजी)

उत्तर : आधी तो बल्ब बदला. जुन्या अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला) सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. नंतर इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत.