'फिट्झ' लागलं की अनौरस, असं काही नाहीये

प्रश्न असा आलाय की इंग्लंडच्या इतिहासात फिट्झऑस्बर्न, फिट्झगेराल्ड, फिट्झरॉय अशी नावं येतात, त्यातलं 'फिट्झ' म्हणजे अनौरस मुलगा असं वाचलंय, ते खरं का?

नाही. फिट्झ म्हणजे नुसतं 'चा मुलगा'. मूळ लॅटिन फिलियस, त्याचं नॉर्मन लोकांच्या (उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या) फ्रेंचमध्ये झालं फिट्स, आणि इंग्लंडात ते नावाला चिकटलं. आपल्या जुन्या मोडी कागदांत 'अमुक बिन तमुक पाटील' असं असतं ना, त्यातल्या बिनचं जे काम तेच याचं, बाप कोण एवढं सांगायचं, आईबापाचं लग्न झालं होतं का ते नाही.

विल्यम फिट्झऑस्बर्न हा अकराव्या शतकातला नॉर्मन सरदार, त्याचंच घराणं बघा म्हणजे लगेच लक्षात येईल. बाप ऑस्बर्न हा नॉर्मंडीच्या ड्यूकच्या वाड्याचा कारभारी, ड्यूक विल्यम लहान असताना त्याचं रक्षण करायचा आणि १०४०च्या सुमारास त्या पोराच्या झोपायच्या खोलीतच त्याचा खून झाला. आई एमा, ती आधीच्या ड्यूकच्या सावत्र भावाची मुलगी, म्हणजे हे ड्यूकचे नात्यातलेच. रीतसर लग्नाचा, चांगल्या घरातला मुलगा, तरी नावात फिट्झ. आणि अनौरस कोण होता, तर खुद्द ड्यूक विल्यम, ज्यानं १०६६ला हेस्टिंग्जला इंग्लंड जिंकलं, त्याला लोक उघड उघड तसं म्हणायचे पण त्याच्या नावाला फिट्झ कुणी लावत नाही!

आता पुढची पिढी, आणि मला वाटतं खरा पुरावा इथंच आहे. फिट्झऑस्बर्न इंग्लंडात हेरफर्डचा अर्ल, म्हणजे त्या भागाचा मोठा सरदार, झाला, वेल्सच्या सीमेवर चेपस्टोचा किल्ला त्यानंच बांधायला घेतला असं मानतात, आणि १०७१मध्ये फ्लँडर्सला कासेलच्या लढाईत मारला गेला. थोरल्या मुलाला नॉर्मंडीतली वडिलोपार्जित जमीन मिळाली, धाकट्या रॉजरला इंग्लंडातली. या दोघांना कुणी फिट्झऑस्बर्न म्हणत नाही, कारण ते ऑस्बर्नचे नातू, मुलगे नाहीत, ते झाले 'ब्रेत्यचे', घराण्याच्या गावावरून. म्हणजे तेव्हा हे आडनाव नव्हतंच, दर पिढीला बदलायचं. मुलीचं नाव आजीचंच, एमा. तिचं लग्न ईस्ट अँग्लियाच्या अर्ल राल्फशी १०७५ला झालं आणि त्या लग्नाच्या मेजवानीतच नवरदेव आणि नवरीचा भाऊ रॉजर यांनी राजाविरुद्ध, म्हणजे त्याच विल्यमविरुद्ध, बंडाचा कट केला. बंड फसलं, राल्फ निसटला, रॉजरची अर्लकी गेली आणि तो कैदेत पडला, पण एमानं मात्र वेढा पडलेला नॉरिचचा किल्ला लढवला आणि सुटकेच्या अटी मिळवूनच बाहेर पडली. इतक्या धीराच्या बाईचं नाव आपल्याकडे क्वचितच कुणी घेतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मग अनौरसपणाचा अर्थ आला कुठून? तो पुष्कळ नंतरचा. राजांनी लग्नाबाहेरच्या मुलांना अशी नावं दिली, आठव्या हेन्रीचा मुलगा हेन्री फिट्झरॉय म्हणजे 'राजाचा मुलगा', चौथ्या विल्यमची मुलं फिट्झक्लॅरेन्स, त्यावरून सगळ्याच फिट्झांवर तो शिक्का बसला. फिट्झगेराल्ड मात्र साधं, विंडसरच्या गेराल्डच्या औरस मुलांपासून चालत आलेलं, पुढे पक्कं आडनाव झालेलं. पुण्याच्या बंडगार्डनच्या जुन्या पुलाला ज्या गव्हर्नरचं नाव दिलं तो याच आडनावाचा.

आणि फिट्झनंतर बापच यायला हवा असंही नाही. दुसऱ्या हेन्रीला हेन्री फिट्झएम्प्रेस म्हणायचे, सम्राज्ञीचा मुलगा, कारण आई माटिल्डा जर्मन सम्राटाची विधवा होती आणि इंग्लंडच्या गादीवरचा त्याचा हक्क आईकडूनच आला होता. तोही औरसच.