पोच घेतली का, आधी ते सांगा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. कच्च्या कैद्यांवर (म्हणजे खटला संपायच्या आधीच आत असलेल्यांवर) पीएच.डी., तुरुंगात मुलाखती घ्यायच्या परवानगीचा अर्ज सात महिने अडकलेला, आणि गाइड म्हणतात विषय बदला. तुम्ही धुळ्याच्या, मी जळगावची, बाकी गोष्ट तीच. नोंदणी, आराखडा, एथिक्स कमिटी (संशोधनात माणसांना त्रास होत नाही ना, ते बघणारी समिती) हे तुमचं झालेलंच असेल, त्यात शिरत नाही.

माझी चूक सांगते. अर्ज मी स्वतः नेऊन दिला. कुठल्या कचेरीत ते विचारू नका. टेबलावरच्या बाई गोड होत्या. "ठेवा, साहेब आले की देते," म्हणाल्या, वर चहाही विचारला. मग आवकचा शिक्का मागायची मला लाज वाटली. दुसरी प्रत तर मी नेलीच नव्हती. पुढचे पाच महिने फोनवर एकच उत्तर, "वर पाठवलंय." सहाव्या महिन्यात गेले तर बाईंची बदली झालेली. नव्या क्लार्कने आवक रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं, म्हणाला, शोधा तुम्हीच. त्या महिन्याची सगळी पानं बोट लावून पाहिली. पुण्याहून आलेली पत्रं होती, झेरॉक्सवाल्याचं बिलही होतं, माझं नाव नव्हतं. अर्ज आलाच नव्हता म्हणे! नव्याने अर्ज, नव्याने फेऱ्या. सगळे मिळून अकरा महिने गेले, आणि फेलोशिपचं घड्याळ काही थांबत नाही.

तेव्हा दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर शिक्का, क्रमांक, तारीख. देत नसतील तर भांडू नका, स्पीड पोस्टाने पाठवा. महिन्याभराने माहिती अधिकार टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. आपल्या राज्यात एक अर्ज, एक विषय, साधारण १५० शब्द अशी अट आहे. "का दिली नाही" असं विचारू नका, त्याला कागदावर उत्तर नसतं. "माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावरच्या टिपणीची प्रत द्या" एवढंच मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. माझी फाइल हलली ती याच अर्जानंतर.

विषय बदलू नका, हे माझं ठाम मत. (गाइडशी वाकडं घ्या असं म्हणत नाहीये.) परवानगी येईपर्यंत कोर्टात बसा. एरवी कोर्ट खुलंच असतं. बलात्कार, पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) अशी प्रकरणं बंद दाराआड चालतात, तिथे जायचं नाही. मी चार महिने मागच्या बाकावर वही घेऊन बसले. कोणाला वकील आहे, कोण तुरुंगातून व्हिडिओवर नुसतं दिसतं आणि पुढची तारीख घेतं, सगळं टिपलं. प्रबंधातलं माझं सर्वात बरं प्रकरण तेच झालं.

शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ४७९ आलंय. आधी कुठल्याच गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला कोर्टाने बंधपत्रावर सोडायचं, आणि तो अर्ज तुरुंग अधीक्षकाने करायचा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळलेत. पण एकाहून जास्त गुन्हे प्रलंबित असतील तर हा फायदा नाही. चोरीचे तीन-चार एफआयआर अंगावर असलेला पोरगा इथेच अडकतो. देशात २०२२ अखेर ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे होते. त्यातले किती या पोटकलमात अडकतील, हा प्रश्न घ्या ना! मी वकील नाही, कलमाचा मूळ मजकूर वाचूनच पुढे जा.

आणि ती छापील प्रश्नावली घरी ठेवा. जामिनावर सुटलेल्या एका म्हाताऱ्याला मी पुस्तकी मराठीत विचारलं, "न्यायप्रक्रियेचं आकलन कितपत झालं?" तो माझ्याकडे बघतच राहिला. सोबतच्या पोराने अहिराणीत विचारलं तेव्हा म्हणाला, "कोर्टमा काय बोलनात ते माले काहीच समजनं नही." नंदुरबारकडे जाणार असाल तर भिली बोलणारं कोणीतरी सोबत घ्या. संमतीपत्रावर अंगठा मागितला तर तोच म्हातारा उठून उभा राहिला. मागच्या वेळी अंगठा दिला तो कोऱ्या कागदावर, असं म्हणाला. तेव्हापासून मी तोंडी संमती घेते, साक्षीदारासमोर. एथिक्स कमिटीला आधी पटवावं लागलं, तेवढं तुम्हीही करून घ्या.

तुमच्या अर्जाला आवक क्रमांक आहे का, ते कळवा. असेल तर माहिती अधिकाराचा माझा जुना मसुदा पाठवते. नसेल तर सोमवारी दोन प्रती घेऊन पहिली एसटी धरा.