स्कूटर पळेना? आधी बेल्ट बघा

प्रश्न : माझी 110 सीसी स्कूटर पूर्वी 85 गाठायची. आता पूर्व द्रुतगती मार्गावर 75च्या पुढे काटा सरकत नाही. गॅरेजवाला जड रोलर टाकायला सांगतो. टाकू का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : इतक्यात नको. रोलर म्हणजे पुढच्या पुलीतली छोटी गोल वजनं; वेग वाढला की ती मागच्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या बेल्टला पुलीच्या कडेकडे चढवतात. पूर्वी जे मिळत होतं ते आता मिळत नाही, म्हणजे काहीतरी झिजलंय. सेटिंग बदलून झीज भरून निघत नाही.

डावीकडचं कव्हर काढून पुढच्या पुलीवर मध्यापासून कडेपर्यंत मार्करने एक रेघ मारा. कव्हर लावून, रस्ता मोकळा असताना गाडी पूर्ण वेगाने पळवा आणि पुन्हा उघडा. बेल्ट जिथवर चढला तिथवर शाई पुसलेली दिसेल. कडेला रेघ शिल्लक राहिली, तर बेल्ट घासून अरुंद झालाय किंवा रोलर एका बाजूने चपटे झालेत. दोन्ही बदला, तेही मूळ वजनाचेच. मला ही तपासणी फार आवडते, कारण तिथे अंदाजाला जागाच उरत नाही.

जड रोलरने बेल्ट लवकर वर चढतो, इंजिनाचे फेरे कमी होतात आणि पिकअप मरतो. घाटकोपरच्या चढावर डबलसीट असताना ते लगेच जाणवेल. 

वेग वाढावा म्हणून मागच्या चाकाजवळचा गिअर बदलायचा विचार असेल, तर तो सोडूनच द्या. 80वरून 90वर जायला नुसती हवा कापण्यासाठीच सुमारे 40 टक्के जास्त ताकद लागते, ती गिअर कुठून आणणार? टायरमधली हवा आणि एअर फिल्टर मात्र आजच बघून घ्या.