दाराचा रंग

या अंकासाठी वाचकांकडून कुरिअरच्या कामाबद्दल प्रश्न मागवले होते. मी मिरजेत २६ वर्षं कुरिअरची शाखा चालवली. बुकिंगच्या काउंटरवर बसले, रात्री बॅगा सील केल्या, पोरं आली नाहीत त्या दिवशी स्वतः पार्सलं वाटली. त्याच अनुभवावरून उत्तरं देते आहे.

आठवड्यात दोनदा ‘दार बंद होतं, ग्राहक उपलब्ध नाही’ असा मेसेज आला. मी दिवसभर घरातच होते. बेल वाजली नाही, फोनही आला नाही. ही मुलं खोटं का बोलतात? (गृहिणी, सांगली)

ताई, तुमचा राग रास्त आहे. तो मुलगा तुमच्या दारापर्यंत आलाच नाही. पण का आला नाही, तेही ऐका.

सकाळी निघताना त्याच्या बॅगेत साठ-सत्तर नग असतात. बऱ्याच ठिकाणी पैसे नगावर मिळतात. संध्याकाळपर्यंत प्रत्येक नगापुढे काहीतरी शेरा पडायलाच लागतो, नाहीतर शाखेतून फोन सुरू होतात. तिसरा मजला, लिफ्ट बंद, खाली गाडी लावायला जागा नाही. मग तो खालूनच ‘दार बंद’ टाकतो आणि पुढे जातो. पार्सल दुसऱ्या दिवशी परत त्याच्याच बॅगेत येतं, म्हणजे त्याचंही काम वाढतंच. पण त्या घडीला त्याला फक्त आजचा आकडा दिसत असतो.

आमच्या शाखेत हाच त्रास होता. शेवटी मी एक नियम केला: रनशीटवर, म्हणजे दिवसाच्या वाटपाच्या यादीवर, ‘दार बंद’ लिहायचं असेल तर पुढे दाराचा रंग लिहायचा. हिरवं, चॉकलेटी, लोखंडी जाळीचं, जे असेल ते. वर गेल्याशिवाय रंग कळत नाही. पहिल्या आठवड्यातच खोटे शेरे कमी झाले, पण पोरं रात्री नऊ-नऊ वाजता परत यायला लागली. तेव्हा मला कळलं की चूक निम्मी माझी होती. सत्तर नग देऊन मी त्यांच्याकडून खरेपणाची अपेक्षा करत होते. मी नग पन्नासवर आणले आणि एक मुलगा वाढवला. खर्च वाढला. तक्रारी कमी झाल्यामुळे तो पुढे भरून निघाला, पण नसता निघाला तरी मी तेच केलं असतं.

तुम्ही कंपनीकडे लेखी तक्रार करा, मेसेजची वेळ लिहा आणि त्या वेळी तुम्हाला कॉल केला होता का, याची नोंद मागा. फोन न करता ‘उपलब्ध नाही’ लिहिणं हे कुठल्याही चांगल्या शाखेत चालता कामा नये.

माझी छोटी शाखा आहे. मुलं तीन-चार महिन्यांत सोडून जातात. त्यांना शिकवण्यात वेळ आणि पैसा का घालवायचा? (शाखाचालक, इचलकरंजी)

दादा, हा प्रश्न मी स्वतःला अनेक वर्षं विचारत होते. उत्तर एका तानपुऱ्याने दिलं.

मिरजेची सतारमेकर गल्ली तुम्हाला ठाऊक असेल. तिथल्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण कुरिअरवाल्यांना ती गल्ली त्याआधी कितीतरी वर्षांपासून माहीत आहे. तिथल्या एका कारागिराने दिल्लीला जाणारा तानपुरा आमच्याकडे बुक केला. कामाला लागून तीनच दिवस झालेल्या मुलाने तो खोका आडवा टाकला आणि त्यावर शाळेच्या पुस्तकांच्या दोन बॅगा रचल्या. सकाळी खोका हलवला तर आतून खुळखुळ आवाज. कारागीर आले, त्यांनी खोका उघडला, भोपळ्याचा हाताएवढा तुकडा बाहेर काढला आणि बोटाने त्याची कड चाचपत उभे राहिले. तो भोपळा पंढरपूरकडच्या शेतातून येतो, वाळवावा लागतो, निवडावा लागतो. माझ्यावर ते एक शब्द रागावून बोलले नाहीत. मी मात्र त्या मुलाच्या पगारातून पैसे कापले. खोक्यात काय आहे, ते कसं उचलायचं, हे त्याला कुणीच सांगितलेलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. दोन महिन्यांनी मी ते पैसे त्याला परत दिले, पण तोपर्यंत तो काम सोडून गेला होता. त्याच्या घरी जाऊन द्यावे लागले.

त्यानंतर नवीन मुलगा आला की पहिल्या दोन दिवसांत मी त्याला त्या गल्लीत घेऊन जायचे. तारा सैल करायच्या, घोडी (तारांखालचा आधार) काढून कापडात गुंडाळायची, उचलताना एक हात भोपळ्याखाली आणि दुसरा दांडीला, हे सगळं कारागीरच दाखवायचे. एकदा तानपुरा असा हातात धरलेला मुलगा नंतर औषधाचं पार्सलही फेकत नाही.

मुलगा पहिले दहा दिवस एकटा पाठवायचा नाही, हा माझा दुसरा नियम. जुन्या माणसाबरोबर फिरायचं. त्यात तीन गोष्टी पक्क्या झाल्या पाहिजेत.

पहिली म्हणजे पत्ता. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, संस्कृतचे कवी. हे मी प्रत्येक मुलाला सांगायचे, कारण आपण ज्या आकड्यांवर रोज जगतो ते कुणीतरी विचार करून बसवले आहेत हे कळलं की मुलगा ते नीट वाचतो. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्टाचे. मिरज ४१६४१०, सांगली ४१६४१६. घाईत इंग्रजीत लिहिलेला शून्य आणि सहा सारखाच दिसतो, आणि तेवढ्यावरून पार्सल एका गावाऐवजी दुसऱ्या गावाच्या बॅगेत पडतं. आम्ही शंका आली की आधी गल्लीचं नाव वाचायचो, मग आकडा. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे, त्यात साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनालाही स्वतःचा दहा अक्षरांचा कोड आहे. त्याचा उपयोग होईल. पण ‘मारुतीच्या देवळामागे, दळपाच्या गिरणीशेजारी’ हे वाचता येणारा मुलगा तरीही लागेलच.

दुसरी गोष्ट वजन. खोका हलका आणि पैसे जास्त, यावरून काउंटरवर सगळ्यात जास्त भांडणं होतात. मी मुलांच्या खिशात मेजर टेप ठेवायला लावायचे. चाळीस सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच खोका घ्या. गुणाकार ६४,०००. त्याला सर्रास वापरल्या जाणाऱ्या ५,००० ने भागलं की १२.८ किलो, आणि पैसे त्याच वजनाचे लागतात. आत उशा असल्या तरी गाडीत तो जागा तेवढीच खातो. हे ग्राहकासमोर मोजून दाखवलं की माणूस शांत होतो. ‘सिस्टिममध्ये असंच येतंय’ म्हटलं की भडकतो.

तिसरी गोष्ट म्हणजे एकच प्रश्न: आत काय आहे? पॉवर बँक, परफ्यूम, केसांचा स्प्रे, फटाके. लोक लपवतात असं नाही, हे धोकादायक आहे हे त्यांना माहीतच नसतं. पॉवर बँकसारखी सुटी लिथियम आयन बॅटरी माल म्हणून प्रवासी विमानातून पाठवायला एप्रिल २०१६ पासून जगभर बंदी आहे. विमानाने जाणारा माल स्वीकारणाऱ्यांना धोकादायक वस्तूंचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि ते दर २४ महिन्यांनी पुन्हा करावं लागतं. मोठ्या हबमध्ये ते होतं. पण खोका पहिल्यांदा हातात घेतो तो तुमच्या माझ्या काउंटरवरचा मुलगा, आणि त्याला ते कुणी शिकवत नाही. या धंद्यातली ही मला सगळ्यात काळजीची बाब वाटते.

तीन महिन्यांनी मुलगा जाईल, खरं आहे. पण शिकलेला मुलगा शेजारच्या शाखेत गेला तरी तिथलं एक पार्सल नीट पोचेल. आणि शिकवणाऱ्या शाखेतून मुलं तितकी लवकर जात नाहीत, हे मी सव्वीस वर्षं पाहिलं आहे.

काचेच्या वस्तू पाठवल्या, फुटल्या. माल अकरा हजारांचा, कंपनी पावतीमागच्या अटी दाखवून फारच थोडे पैसे देते आहे. हे कायदेशीर आहे का? (लघुउद्योजिका, पुणे)

पावतीवर तुमची सही असेल तर अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका परदेशी कुरिअर कंपनीच्या खटल्यात, पाठवणाऱ्याने सही केलेल्या कागदावरची भरपाईची मर्यादा मान्य केली. ती १०० डॉलर होती. सेवेत ढिलाई होती असं म्हणून तुम्ही ग्राहक आयोगाकडे जाऊ शकता, पण पुढच्या वेळी मालाची किंमत पावतीवर जाहीर करा आणि विमा घ्या. माझं म्हणणं असं की ही अट बुकिंग क्लार्कने तोंडी सांगितलीच पाहिजे. आमच्याकडे ती मराठीत मोठ्या अक्षरांत काउंटरवर चिकटवलेली होती. पावतीमागचं बारीक इंग्रजी कोण वाचतं?

‘कुरिअर कंपनीतून बोलतोय, तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत’ असा फोन आला. मी घाबरले. (निवृत्त शिक्षिका, ठाणे)

फोन ठेवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. हे ठग पुढे व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालतात, पण पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. ‘*४०१* लावून अमुक नंबर डायल करा’ असं कुणी सांगितलं तर अजिबात करू नका, त्याने तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळतात. खरा कुरिअरवाला ओटीपी मागतो तो पार्सल तुमच्या दारात आणल्यावर.

मुलगा बारावी झाला. कुरिअरमध्ये लागतो म्हणतो. यात शिक्षण, प्रमाणपत्र असं काही असतं का, की नुसती हमाली? (वडील, तासगाव)

दादा, हमालीला कमी लेखू नका, आणि हे काम नुसती हमाली आहे असंही समजू नका.

कुरिअरच्या कामासाठी सक्तीचा परवाना किंवा परीक्षा नाही. आमच्या वेळी तर १८९८च्या टपाल कायद्यामुळे पत्रं नेण्याचा हक्क फक्त सरकारी टपालाचा होता, म्हणून आम्ही पावतीवर ‘पत्र’ न लिहिता ‘डॉक्युमेंट’ लिहायचो. २०२३चा नवा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला, त्यात तो एकाधिकार राहिला नाही. धंदा मोकळा झाला, पण माणसाला किती शिकवून कामावर घ्यायचं हे अजून ज्याच्या त्याच्या मनावर आहे.

तरी मार्ग आहेत. लॉजिस्टिक्स क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने कुरिअर डिलिव्हरीच्या कामाचा अभ्यासक्रम ठरवला आहे. आधीपासून काम करणाऱ्याला त्याच्या अनुभवाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळण्याचीही सोय आहे. ॲपवरून काम घेणार असेल तर ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये अशा कामगारांची पहिल्यांदा व्याख्या झाली आणि ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. ॲप कंपन्यांनी उलाढालीतला एक ते दोन टक्के वाटा त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचा, अशी तरतूद तिच्यात आहे.

मुलाला कामावर सोडण्याआधी मालकाला हे विचारा: नेमणूक कागदावर देता का, अपघात विमा कुणाच्या नावाने आहे, पेट्रोल कोण भरतं, दिवसाला किती नग, आणि पहिल्या दिवशी तो कुणाबरोबर फिरणार? शेवटच्या प्रश्नाला ‘एकटाच जाईल, ॲप दाखवतं सगळं’ असं उत्तर आलं तर दुसरी शाखा बघा.

तासगाव मिरजेपासून लांब नाही. मी रविवारी सकाळी नऊ ते अकरा नव्या मुलांना फुकट शिकवते. संपादकांकडून पत्ता घ्या आणि त्याला पाठवा. येताना एक वही आणि मेजर टेप आणू दे.