दोन पावसांचं बेट आणि आठ रात्रींची सुट्टी

नाताळच्या सुट्टीत श्रीलंकेला जाण्याबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. मुंबईहून थेट विमानाने अडीच तासांत कोलंबो गाठता येतं आणि घड्याळाचे काटेही फिरवावे लागत नाहीत. म्हणून अनेकांनी गोव्याला जावं तितक्याच सहजतेने बेत आखलेले दिसतात. त्यातले काही बेत मोडावे लागणार आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे २४ डिसेंबरला पहाटे उतरणार आणि १ जानेवारीला रात्री परतणार. सिगिरिया, त्रिंकोमाली, जाफना, कँडी, एल्ला, याला, गॉल, कोलंबो अशी बेटाला पूर्ण प्रदक्षिणा घालायची आहे. गाडी तिथे घेऊन स्वतःच चालवली तर? (एक वाचक, दादर)

उत्तर : प्रदक्षिणा नको. आठ रात्रींत आठ ठिकाणं केलीत तर रोज सकाळी बॅगा भरायच्या आणि संध्याकाळी उघडायच्या, एवढंच होईल.

आधी पावसाचं बघा. श्रीलंकेला वर्षात दोन पावसाळे असतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस, म्हणजे आपलाच मान्सून, पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर कोसळतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचे वारे उत्तर आणि पूर्व किनारा भिजवतात. त्यामुळे तुमच्या तारखांना पूर्वेकडच्या त्रिंकोमाली आणि अरुगम बेचा समुद्र खवळलेला असतो, तर त्याच दिवसांत दक्षिणेकडच्या मिरिस्सा आणि उनावाटुना इथे निवांत पोहता येतं. पूर्व किनाऱ्यावरची हॉटेलं डिसेंबरात स्वस्त दिसतात ती याच कारणाने. त्रिंकोमाली आणि जाफना यादीतून काढा. तो भाग मे ते ऑगस्टमध्ये बघण्याचा.

सिगिरियाचा, म्हणजे कातळावरच्या प्राचीन किल्ल्याचा, भागही ईशान्य पावसाच्याच पट्ट्यात मोडतो, पण तिथे दिवसातून एखाद-दोन सरी आल्या म्हणून दिवस वाया जात नाही. सॅकमध्ये रेनकोट असू द्या. छत्री कड्यावरच्या वाऱ्यात उलटी होते.

दुसरी गोष्ट अंतराची. तिथे किलोमीटर मोजू नका, तास मोजा. द्रुतगती मार्ग सोडले तर रस्ते दोन पदरी आणि वळणाचे, त्यात वस्तीतून जाणारे. कँडी ते नुवारा एलिया जेमतेम ८० किलोमीटर, पण अडीच-तीन तास धरावेच लागतात. आपल्याकडे एक्स्प्रेसवेवरून पुणं गाठण्याचा हिशेब इथे लावलात की संध्याकाळची प्रत्येक गोष्ट हुकते.

आम्ही सुचवू तो क्रम असा. विमानतळ कोलंबोत नसून शहराच्या उत्तरेला ३० किलोमीटरवर कटुनायके इथे आहे, तेव्हा कोलंबोत न शिरता तिथून थेट सिगिरिया किंवा हबरना गाठा (चार तास) आणि दोन रात्री राहा. मग दंबुलाच्या लेण्या वाटेत बघून कँडी, दोन रात्री. तिथून रेल्वेने एल्ला, दोन रात्री. शेवटी उडावालावे उद्यानातले हत्ती बघत दक्षिण किनारा, दोन रात्री. परतीच्या दिवशी दुपारपर्यंत गॉलचा किल्ला होतो. डचांनी बांधलेल्या तटावरून फिरून या आणि तिथून द्रुतगती मार्ग धरा. तो कोलंबोला बाहेरून वळसा घालून विमानतळाच्या रस्त्याला मिळतो. साधारण अडीच तास लागतात, तुम्ही साडेतीन धरा.

याला उद्यानाचं नाव बिबट्यांमुळे मोठं आहे, पण सुट्टीच्या आठवड्यात एका बिबट्यामागे जीपची रांग लागते. मुलांना हत्ती दिसले की पुरे असेल तर उडावालावेच बरं, शिवाय ते वाटेवर पडतं. आणि सिगिरियाजवळच्या मिन्नेरिया उद्यानाचे शेकडो हत्ती एका तलावाकाठी जमलेले फोटो बघून तिथे जाणार असाल, तर ते दृश्य जुलै ते ऑक्टोबरचं आहे. तलाव आटून काठाला गवत उगवतं म्हणून हत्ती येतात. डिसेंबरात तलाव भरलेला असतो आणि हत्ती पांगलेले.

गाडी स्वतः चालवण्याचा आग्रह सोडा. नुसता भारतीय परवाना चालत नाही. त्यासाठी तिथली मान्यता घ्यावी लागते, आणि एवढं करून पैसे फारसे वाचत नाहीत. चालकासह गाडी ठरवा. चार माणसं, चार बॅगा म्हणजे व्हॅनच मागा. सेडान बहुधा हायब्रिड निघते आणि बॅटरीमुळे डिकीत दोनच मोठ्या बॅगा मावतात. इंधन, टोल, पार्किंग, चालकाच्या राहण्या-जेवणाचा खर्च आणि रोजच्या किलोमीटरची मर्यादा, ही पाचही कलमं भाड्यात आहेत की नाहीत हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. वाद होतात ते शेवटच्या दोनांवरून.

हॉटेल ठरवताना आणखी एक विचारा. २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीचं ‘गाला डिनर’ अनेक मोठ्या हॉटेलांत सक्तीचं असतं आणि त्याची माणशी रक्कम खोलीच्या भाड्यात दिसत नाही. ती कळते काउंटरवर. या दोन रात्री लहान गेस्ट हाउसमध्ये काढल्या की प्रश्नच मिटतो.

प्रश्न : कँडी ते एल्ला रेल्वेचं तिकीट कधी आणि कोणत्या वर्गाचं काढावं? एजंट म्हणतो पहिला वर्गच घ्या. (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : एजंटला डोंगरापेक्षा एसी महत्त्वाचा वाटत असावा. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्याच्या काचा उघडत नाहीत, आणि हा सहा-सात तासांचा प्रवास करायचा तो उघड्या खिडकीसाठी. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गाचं आरक्षित तिकीट घ्या. आरक्षण ३० दिवस आधी उघडतं आणि नाताळच्या आठवड्यातल्या जागा बघता बघता संपतात, म्हणून गाडीची तारीख आधी पक्की करा आणि कँडी-एल्लाची हॉटेलं तिच्याभोवती बसवा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आरक्षणाला पासपोर्ट क्रमांक लागतो. तोच पासपोर्ट प्रवासात हाताशी ठेवा.

कँडीपासून जागा मिळाली नाही तर नुवारा एलियाजवळच्या नानू ओया स्थानकापासूनची शोधा. तिथवर रस्त्याने जायचं. चहाचे मळे आणि ढगांत शिरणारा टप्पा त्यापुढेही भरपूर आहे: पट्टीपोला हे तिथलं सर्वांत उंच स्थानक १,८९८ मीटरवर आहे. कोणत्या बाजूला बसावं याचा घोळ घालू नका, दरी दोन्हीकडे येते. मोठ्या बॅगा चालकाबरोबर रस्त्याने पुढे धाडा आणि एल्ला स्थानकावर त्याला भेटा; डब्यात बॅगा ठेवायला जागा कमीच असते. स्वेटर मात्र हातातल्या पिशवीत हवा.

दारातल्या फोटोंबद्दल. गाडी रमतगमत चालते, त्यामुळे लोकलच्या दारात उभं राहायची सवय असलेल्यांना भलतीच हिंमत येते. पण या मार्गावर बोगद्याची भिंत, कातळ आणि झाडाच्या फांद्या डब्याला अगदी खेटून जातात. बाहेर झुकून पर्यटकांचे जीव गेले आहेत.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस ‘दितवा’ चक्रीवादळाने मध्य डोंगराळ भागात दरडी कोसळल्या आणि रेल्वेमार्गाचंही मोठं नुकसान झालं. त्यामुळे पैसे भरण्याआधी गाडी कुठपासून कुठपर्यंत धावते आहे ते हॉटेलवाल्याला फोन करून विचारून घ्या. जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका.

प्रश्न : सोबत ७२ वर्षांची आई आहे. ती पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. तिथे निभेल का? आणि सिगिरिया तिला जमेल का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : निभेल, उलट छान निभेल, फक्त एक पदार्थ ओळखून ठेवा: उंबलकड. सुकवलेल्या कुपा माशाचा हा चुरा श्रीलंकेच्या स्वयंपाकात हिंगासारखा पडतो. ‘पोल सांबोल’ ताटात आलं की आपल्या डोळ्यांना ती ओल्या खोबऱ्याची लाल चटणीच वाटते; नारळ, लाल मिरची, कांदा, लिंबू. चुरा त्यात मिसळून गेलेला असतो, तो दिसत नाही. कधी डाळीच्या फोडणीत असतो, कधी भाजीत. आणि ‘व्हेज आहे का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘हो’ असंच उत्तर येतं, कारण मटण-मासळीचा तुकडा त्यात नसतो. म्हणून नाव घेऊन सांगा: ‘मस, माळु, उंबलकड, बित्तर एपा.’ मांस, मासे, तो चुरा आणि अंडं नको.

भरवशाच्या गोष्टी म्हणजे तांदळाच्या शेवयांचे इडियप्पम, नारळाच्या दुधातली फणसाची भाजी, साधा आप्पा (अंड्याचा वेगळा असतो, पण कढई तीच, हेही आईंना सांगून ठेवा) आणि मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही, वरून किथुल माडाचा काकवीसारखा पाक. कोलंबो आणि कँडीत तमिळ शैव खानावळी आहेत, तिथे उंबलकडाची चिंताच नाही.

सिगिरियाच्या जवळपास १,२०० पायऱ्या आहेत. सिंहाच्या शिल्पातल्या पंजांपासून वर लोखंडी जिना अरुंद आणि उघड्यावरचा आहे. गुडघे दुखत असतील तर आईंना खालच्या सपाट बागांत आणि संग्रहालयात थांबवा, किंवा पंजांपर्यंत नेऊन परत फिरा. सकाळी दार उघडताच चढा. नऊनंतर कातळ तापतो आणि जिन्यावर गर्दी अडकते. वर आग्या मधमाश्यांची पोळी आहेत, आवाज करू नका असे फलक लावलेत, ते मनावर घ्या. उतरायची वाट वेगळ्या वाहनतळावर निघते, हे चालकाला आधीच सांगा, नाहीतर उन्हात शोधाशोध होते. तिकीट घेताना मूळ पासपोर्ट दाखवून सार्क देशांचा दर मागा. तो बऱ्यापैकी कमी असतो.

कँडीच्या दंतमंदिरात (बुद्धाचा दात जपलेलं मंदिर) आईंना काहीच त्रास नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एवढंच. तिथे काय किंवा इतर कुठल्याही विहारात काय, बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. लोक खरोखर दुखावले जातात.

प्रश्न : व्हिसा, पैसे आणि चार्जर यांचं थोडक्यात सांगा. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : निघण्याआधी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, घ्या. शुल्काचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदललेत, म्हणून सरकारी संकेतस्थळावरच बघा. त्याचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट एलके’ने संपतो. तसंच दिसणारी खासगी संकेतस्थळं वर आपलं कमिशन लावतात. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी.

यूपीआय फेब्रुवारी २०२४ पासून तिथे सुरू झालं आहे, लंकाक्यूआर हा तिथला क्यूआर कोड असलेल्या दुकानांत. पण टुकटुक, शहाळंवाला आणि देवळाबाहेरचा चपला सांभाळणारा यांना रोख लागते. कार्ड घासताना यंत्र ‘भारतीय रुपयांत देणार का?’ विचारेल. नाही म्हणा, तिथल्याच रुपयांत द्या. नाहीतर यंत्रवाला स्वतःचा महाग दर लावतो.

जुन्या इमारतींत आपली गोल तीन पिनांची प्लग बसते. नव्या हॉटेलांत ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी पिनांचे सॉकेट असतात, त्यासाठी अडॅप्टर इथूनच न्या. पौर्णिमेला, म्हणजे पोयाच्या दिवशी, देशभर सुट्टी असते आणि दारू विकत नाहीत. सुट्टीच्या बेतात पौर्णिमा येते का ते कॅलेंडरवर पाहून ठेवा.

प्रश्न : मिरिस्साला देवमासे बघायचेत, पण मांडव्याच्या बोटीतही मला मळमळतं. (एक वाचक, माझगाव)

उत्तर : हंगाम तुमच्या बाजूने आहे. डिसेंबर ते एप्रिल दक्षिणेचा समुद्र शांत असतो, आणि तिथे खोल पाणी किनाऱ्याच्या जवळच सुरू होतं म्हणून निळे देवमासे फार लांब न जाता दिसतात. तरी बोट साडेसहाच्या सुमारास सुटते आणि तीन-चार तास समुद्रात असते. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून बोटीत चढण्याच्या तासभर आधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. रिकाम्या पोटी जाऊ नका, तेलकट नाश्ताही नको. कोरडी बिस्किटं बरी. वरच्या मजल्यावरून दिसतं चांगलं, पण डुलणंही तिथेच जास्त, म्हणून खाली मधोमध बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. मोबाइलच्या पडद्यात डोकं घातलंत की संपलं. बोट ठरवताना, देवमासा दिसल्यावर लांबूनच इंजिन मंद करणारी आहे का, ते विचारा. पाठलाग करणाऱ्या बोटी गिरक्या घेतात आणि तुमचं पोट त्यातच ढवळतं.