सोलापूरकडच्या खेड्यात कॅथलिक कुटुंबांचा हिवाळा कसा जातो?

आमची मोजकीच घरं. दिवसभर ज्वारीच्या रानात, रात्री कुणाच्या तरी घरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या दिवसांतल्या, चार रविवारी एकेक मेणबत्ती वाढत जाते; तिसऱ्या रविवारची गुलाबी, बाकी जांभळ्या. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मात्र अस्सल आमच्याकडचा: पोरं कडब्याचं छप्पर करतात, शेणानं सारवतात आणि बाळ येशूची जागा २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवतात. ती रिकामी जागा बघून मला अजून भरून येतं. रात्रीची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) संपली की शेकोटीभोवती गुळाचा चहा. नाताळच्या करंज्या शेजारी जातात, वेळा अमावस्येला, म्हणजे रानातल्या पूजेच्या सणाला, त्यांच्या रानातली भज्जी-आंबील आमच्याकडं येते. जानेवारीत हुरडा, आणि संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे जत्रा. तिथं आम्हीही जातोच.